आधी भरा, मग भांडा

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

आम्ही कॅलिफोर्नियात सॅन रमोनला टाउनहाउसमध्ये राहतो. घर घेऊन चार वर्षं झाली. या जानेवारीपासून एचओएने, म्हणजे घरमालकांच्या असोसिएशनने, महिन्याचे ड्यूज (मेंटेनन्स) ४१० डॉलरवरून ४८० केले, कुणालाही न विचारता. त्याच महिन्यातल्या पावसात मुलीच्या खोलीचं छत गळायला लागलं. मॅनेजमेंट कंपनीला दोन ईमेल केले, फोटो पाठवले. उत्तर एकच, ‘अंडर रिव्ह्यू’. शेवटी ठरवलं, छत दुरुस्त होईपर्यंत एक पैसा द्यायचा नाही. फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिलचे पैसे दिले नाहीत. मधेच दारावरच्या तोरणामुळे सगळी दारं एकसारखी दिसत नाहीत म्हणून २०० डॉलर दंड लावला.

आता एका कलेक्शन कंपनीचं सर्टिफाइड पत्र आलं आहे. पाकिटावर २७ एप्रिलचा शिक्का आहे. ड्यूजचे १,४४०, लेट फी महिन्याला ७५ प्रमाणे २२५, व्याज १२, वसुलीचा खर्च ३९५ आणि दंडाचे २००, असे एकूण २,२७२ डॉलर मागितले आहेत. न भरल्यास घरावर लीन, म्हणजे बोजा, लावू म्हणतात. खाली मोठ्या ठळक अक्षरांत लिहिलंय की घर कोर्टात न जाता विकलं जाऊ शकतं. बायको घाबरली आहे. पुण्याचे काका म्हणतात, असली पत्रं परत पाठवत जा, घेतलीच नाहीत तर नोटीस लागत नाही. आमच्या तिथल्या सोसायटीत एकाने सहा वर्षं मेंटेनन्स भरला नव्हता, त्याचं कुणी काही वाकडं केलं नाही. बँकेचा हप्ता आम्ही एकदाही चुकवलेला नाही. मग चौदाशे डॉलरपायी घर कसं जाईल? ड्यूज देऊन टाकू की अडून बसू?

– म. कु., सॅन रमोन

उत्तर

तुमचं पत्र ७ मेला मिळालं. एरवी इथे पत्रांची रांग असते, पण पाकिटावरच्या शिक्क्याची तारीख वाचली आणि तुमचं पत्र पुढे घेतलं. १२ मे आणि १५ मे या दोन तारखा आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा. का ते सांगते.

त्याआधी एक कबुली. मी वकील नाही. ईस्ट बेमधल्या एका असोसिएशनची नऊ वर्षं खजिनदार होते. तुम्हाला आलं तसं पत्र पाठवायचं की नाही, यावर हात वर करणाऱ्यांतली मी एक. त्यामुळे टेबलाच्या पलीकडून हे प्रकरण कसं दिसतं ते मला ठाऊक आहे. तिथून तुम्ही ‘छतासाठी झगडणारा रहिवासी’ दिसतच नाही. तिथे एक तक्ता असतो, आणि त्यात तुमच्या घराच्या क्रमांकापुढे फक्त ‘९० दिवस थकीत’ असं लिहिलेलं असतं. छताची फाइल वेगळ्या माणसाकडे असते आणि त्या दोन फायलींची गाठ पडत नाही. पैसे अडवून आपण दबाव आणतोय असं तुम्हाला वाटतं. पलीकडे त्यातला निषेध कुणाला ऐकूच जात नाही.

कायदाही तुमच्या बाजूने नाही. असोसिएशनने तिचं काम केलं नाही म्हणून घरमालकाला ड्यूज अडवता येत नाहीत, हे कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने १९९४ साली पार्क प्लेस इस्टेट्सच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. छत गळणं ही तुमची तक्रार आणि ड्यूज हे तुमचं देणं. एकातून दुसरं वजा होत नाही. तेव्हा अडून बसू नका. भांडू नका असं मात्र मी म्हणत नाही. त्या पत्रात भांडण्यासारखं पुष्कळ आहे.

काकांचं म्हणणं आधी निकालात काढू. पुण्याच्या सोसायटीचा हिशेब इथे लावू नका. तिथे थकबाकीवर ठरावीक मर्यादेपर्यंतच सरळ व्याज लागतं, आणि पैसे वसूल करायचे तर सोसायटीला निबंधकांकडे जाऊन वसुली दाखला मिळवावा लागतो. त्या खेपा घालता घालता बिचाऱ्या सेक्रेटरीचाच जीव दमतो. सहा वर्षं न भरणाऱ्या तुमच्या शेजाऱ्याला जे फावलं ते या दमण्यामुळे. कॅलिफोर्नियात दारात जाऊन हात जोडायची गरजच ठेवलेली नाही. असोसिएशन काउंटी रेकॉर्डरच्या कचेरीत एक कागद नोंदवते आणि तुमच्या घरावर लीन चढतं, गावाकडे सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढतो अगदी तसं. त्यासाठी न्यायाधीश लागत नाही. पुढे घर विकायला किंवा कर्ज बदलून घ्यायला गेलात की मालकीचे कागद तपासणाऱ्या टायटल कंपनीला तो बोजा पहिल्या झटक्यात दिसतो. आणि सर्टिफाइड पत्र परत पाठवल्याने काही थांबत नाही. त्यांनी ते तुमच्या नोंदलेल्या पत्त्यावर रीतसर पाठवलं, एवढं पुरतं. पत्र न घेण्यात नुकसान तुमचंच, कारण त्यातले तुमचे हक्क तुम्ही वाचतच नाही.

बँकेचा हप्ता वेळेवर जातोय याने जिवाला बरं वाटतं, पण ते इथे कवच नाही. कॅलिफोर्नियात एचओएचं लीन तुमच्या आधी नोंदलेल्या गृहकर्जाच्या मागे उभं असतं, हे खरं. पण विक्री झालीच तर घेणारा कर्जाच्या बोजासकट घर घेतो, आणि तुम्ही बाहेर. शेजारच्या नेवाडात तर उलटा प्रकार आहे. तिथे नऊ महिन्यांच्या ड्यूजपुरतं लीन बँकेच्याही पुढे जातं, म्हणून बँकाच घाबरून असतात. टेक्ससमध्ये विक्रीनंतर १८० दिवस घर सोडवून घेता येतं. बाकी राज्यांतल्या वाचकांनी आपापल्या राज्याचा कायदा पाहावा. मी पुढे लिहिते ते फक्त कॅलिफोर्नियाचं आहे, डेव्हिस-स्टर्लिंग नावाच्या कायद्यातलं.

आता ‘चौदाशे डॉलरपायी घर कसं जाईल’ हा तुमचा प्रश्न. आजच्या घडीला जाणार नाही, पण तुम्ही दाराच्या उंबऱ्यावर उभे आहात. एके काळी कॅलव्हेरस काउंटीत एका जोडप्याचं घर १२० डॉलरच्या थकबाकीवरून लिलावात गेलं. त्यावर बराच गदारोळ झाला आणि १ जानेवारी २००६ पासून नवा नियम लागू झाला. थकलेले ड्यूज १,८०० डॉलरपेक्षा कमी असतील, आणि त्यातला कुठलाही हप्ता बारा महिन्यांहून जुना नसेल, तर असोसिएशनला त्यासाठी घर विकायला काढता येत नाही. या १,८०० मध्ये लेट फी, व्याज, वसुलीचा खर्च काहीच धरायचं नसतं. फक्त ड्यूज. तुमचे तीन महिन्यांचे १,४४० झाले. मे महिन्याचे ४८० देय झाले १ तारखेला, पण कायद्याप्रमाणे हप्ता थकीत ठरतो तो पंधरा दिवसांनी. म्हणजे १५ मे उलटला की आकडा होतो १,९२०. तुम्ही एका महिन्याच्या अंतरावर आहात, आणि तो महिना चालू आहे.

लगेच घर जातं असं नाही, हेही बायकोला सांगा. या पत्रानंतर निदान ३० दिवस लीन नोंदवता येत नाही, म्हणजे २७ मेपर्यंत तरी काही होत नाही. ते नोंदवायचा निर्णय बोर्डालाच, म्हणजे असोसिएशनच्या संचालक मंडळालाच, घ्यावा लागतो, उघड बैठकीत, बहुमताने. कलेक्शन कंपनीने परस्पर ठरवून चालत नाही. घर विकायला काढायचं तर बोर्डाला पुन्हा वेगळा ठराव करावा लागतो, प्रत्यक्ष विक्रीच्या किमान ३० दिवस आधी. कोर्टाबाहेर विक्री झाली तरी ९० दिवसांत पैसे भरून घर सोडवून घेता येतं. पायऱ्या बऱ्याच आहेत. मात्र दर पायरीवर वकिलाचं बिल वाढतं आणि ते तुमच्याच खात्यावर चढतं. मी पाहिलेल्या प्रकरणांत कुणाचं घर गेलं नाही. पण ९०० डॉलरची थकबाकी चार हजारांवर गेलेली मी माझ्या हाताने लिहिली आहे.

आता तुमचं पत्र तपासू, कारण त्यात चुका आहेत. लेट फी आधी घ्या. कायद्यात ती थकलेल्या हप्त्याच्या १० टक्के किंवा १० डॉलर, यातली जी जास्त असेल तिच्यापुढे जात नाही. ४८० चे १० टक्के ४८ होतात. तीन महिन्यांचे १४४. त्यांनी ७५ प्रमाणे २२५ लावलेत, म्हणजे ८१ डॉलर सरळ जास्त. तुमच्या सीसी अँड आर मध्ये, म्हणजे असोसिएशनच्या नोंदलेल्या नियमावलीत, याहून कमी लेट फी लिहिली असेल तर ती कमीच लागू होते, तेही उघडून पाहा. व्याज वर्षाला १२ टक्क्यांपर्यंत चालतं, हप्ता देय झाल्यावर ३० दिवसांनी सुरू होतं. मी गणित करून पाहिलं, १२ डॉलर बरोबर येतात. वसुलीचे ३९५ मनाला झोंबतात, मलाही झोंबतात. पण वाजवी खर्च घ्यायला कायदा परवानगी देतो, आणि तुम्ही खरोखरच तीन महिने भरलेले नाहीत. मागून पाहा, बोर्ड कधीकधी सोडतं. सुटतीलच असं मी सांगणार नाही.

दंडाचे २०० मात्र या यादीत असायलाच नकोत. नियमभंगाच्या दंडासाठी लीन लावून घर विकायला काढता येत नाही. ड्यूजची जात वेगळी, दंडाची वेगळी. कलेक्शन कंपन्या दोन्ही एका बेरजेत कालवतात, कारण बेरीज मोठी दिसली की माणूस घाबरतो. शिवाय ३० जून २०२५ पासून कॅलिफोर्नियात एका नियमभंगाला १०० डॉलरच्या वर दंड लावता येत नाही. कुणाच्या आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका असेल तर गोष्ट वेगळी. आंब्याच्या पानांपासून सॅन रमोनला काय धोका, हे बोर्डाने लेखी सांगावं. दंडाआधी सुनावणीची नोटीस तुम्हाला मिळाली होती का? दहा दिवस आधी ती द्यावीच लागते. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही, तेव्हा शोधा.

मग काय करायचं? मी तुमच्या जागी असते तर मे महिन्यासकट सगळे २,७५२ डॉलर भरले असते, आणि सोबतच्या पत्रात पहिल्याच ओळीत लिहिलं असतं की हे पैसे मी हरकत नोंदवून भरत आहे. त्याखाली कुठल्या रकमेवर हरकत ते ओळीने. त्यांच्या भाषेत याला ‘पेड अंडर प्रोटेस्ट’ म्हणतात, ते शब्द इंग्रजीतच लिहा. असं भरलं की लीनचा विषय मिटतो आणि वादातले पैसे परत मागायला स्मॉल क्लेम्स कोर्ट उघडं राहतं. तिथे १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा तुम्ही स्वतः करू शकता, समोर वकील उभा राहत नाही, आणि १,५०० पर्यंतच्या दाव्याची फी ३० डॉलर आहे. तोरणाचे २०० भरताना राग येईल. येऊ द्या. तो राग दाव्याच्या अर्जावर काढा.

एवढे पैसे आज हातात नसतील तर निदान १,९२० भरा. याचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. तुम्ही पाठवलेली रक्कम आधी ड्यूजमध्येच जमा करावी लागते. ते पूर्ण फिटल्याशिवाय लेट फी, खर्च, व्याज यांच्याकडे एक सेंटही वळवता येत नाही. म्हणजे ड्यूजची बाकी शून्य आणि १,८०० ची टांगती तलवार गेली. उरलेल्या खर्चासाठी ते तगादा लावतील, पण त्यावरून घर विकायला काढता येणार नाही. ‘पूर्ण रक्कम नाही म्हणून चेक परत’ असं कलेक्शन कंपनीने म्हटलं तर हंटिंग्टन कॉन्टिनेंटल टाउनहाउस असोसिएशनच्या २०१४ सालच्या निकालाचं नाव घ्या. अर्धवट रक्कमही असोसिएशनला घ्यावीच लागते, असं अपील कोर्टाने त्यात सांगितलं आहे. पैसे पाठवताना पोच मागा, मागितली की ती द्यावी लागते. एका रात्रीत पोचणाऱ्या टपालासाठी असोसिएशनला पत्ता द्यावा लागतो. तो मिळवा आणि चेक तिथेच पाठवा. ‘चेक पोस्टात टाकला होता’ या वाक्याला बोर्डाच्या बैठकीत किती किंमत असते, ते मी जवळून पाहिलंय.

आता १२ मे. हप्त्याने पैसे द्यायचे असतील तर पाकिटावरच्या शिक्क्यापासून १५ दिवसांत तशी लेखी मागणी टपालात पडायला हवी. मग ४५ दिवसांच्या आत बोर्डाला तुम्हाला भेटावंच लागतं, बंद दाराआड, इतर रहिवाशांसमोर नाही. हप्ते मंजूर करायची सक्ती नाही, पण भेटीची आहे. मंजूर झाले आणि तुम्ही ते पाळले तर नवी लेट फी चढत नाही. तुम्ही सगळं भरलंत तरी ही भेट मागून ठेवा. समोर माणूस दिसला की तक्त्यातला क्रमांक विसरला जातो. आमच्या बोर्डात एकदा एक आजी असंच भेटायला आल्या होत्या. नवरा आजारी, चेक तेच लिहायचे, हिला खातं कुठल्या बँकेत तेही माहीत नव्हतं. वसुलीचा सगळा खर्च आम्ही पाच मिनिटांत माफ केला. त्या आल्या नसत्या तर कागदावर त्यासुद्धा फक्त ‘९० दिवस थकीत’ होत्या.

याच पत्रात तुम्ही वादाची चर्चाही मागू शकता. बोर्डाचा एक सदस्य तुमच्याशी बसतो, त्याला फी पडत नाही, आणि तुम्ही मागितल्यावर असोसिएशनला नाही म्हणता येत नाही. लेट फीचे ८१ आणि दंड, दोन्ही तिथे मांडा. कलेक्शन कंपनी बाहेरची असल्यामुळे तिला वेगळं पत्र लिहा की या रकमेवर माझी हरकत आहे, पडताळणी द्या. फेडरल कायद्याने त्यासाठी ३० दिवस मिळतात. आणि मिळालेलं पत्र पुन्हा एकदा शेवटपर्यंत वाचा. त्यात तपशीलवार हिशेब, वसुलीची पद्धत, हिशेबाच्या वह्या पाहण्याचा तुमचा हक्क, भेट मागण्याचा हक्क, हे सगळं असलंच पाहिजे. काही गाळलं असेल तर लीन नोंदवण्याआधी त्यांना नोटिशीपासून पुन्हा सुरुवात करावी लागते, तीही त्यांच्या खर्चाने.

ड्यूज ‘न विचारता’ वाढवले, या तक्रारीत मला दम दिसत नाही. वर्षाला २० टक्क्यांपर्यंतची वाढ बोर्ड मतदानाशिवाय करू शकतं. ४१० चे ४८० म्हणजे १७ टक्के. बोर्डावर कुणी हौसेने वाढ करत नाही, विम्याचा हप्ता वाढला की खजिनदाराची झोप जाते. वाढीआधी वार्षिक बजेट रिपोर्ट तुम्हाला पाठवला होता का, आणि वाढीची सूचना ३० ते ६० दिवस आधी आली होती का, एवढंच विचारा. आली नसेल तर मुद्दा आहे. आली असेल आणि जाहिरातींबरोबर कचऱ्यात गेली असेल, तर गप्प बसलेलं बरं.

छताचं पत्र वेगळ्या पाकिटात जाऊ द्या. त्यात ड्यूजचा शब्दही नको. पण ते लिहिण्याआधी सीसी अँड आर मध्ये एक गोष्ट पाहा, जी टाउनहाउसवाले हटकून गृहीत धरतात: छत नक्की कुणाचं? सामायिक जागेची दुरुस्ती असोसिएशनने करायची, हा सर्वसाधारण नियम. मात्र पुष्कळ टाउनहाउसांत छत घरमालकाच्या मालकीचं असतं आणि दुरुस्तीही त्याच्याच गळ्यात असते. तसं निघालं तर तुम्ही तीन महिने स्वतःच्याच छतासाठी असोसिएशनशी अबोला धरलात असं होईल. असोसिएशनचं असेल तर गळतीची तारीख, फोटो, दोन्ही ईमेल जोडून थेट बोर्डाच्या नावाने सर्टिफाइड टपालाने पाठवा. मॅनेजमेंट कंपनीच्या इनबॉक्समध्ये टाकलेली तक्रार बोर्डाला कळतेच असं नाही. आम्हाला कित्येकदा कळत नसे. पुढच्या उघड बैठकीत सदस्यांना बोलायची वेळ ठेवलेली असते. तिथे उभं राहून, ड्यूज पूर्ण भरल्याची पोच हातात धरून बोला.

राहता राहिलं तोरण. २०२० पासून कॅलिफोर्नियात दारावर किंवा चौकटीवर धार्मिक वस्तू लावायला असोसिएशन मनाई करू शकत नाही, फक्त सगळं मिळून ३६ बाय १२ इंचांच्या आत हवं. तुमचं मोजून फोटो काढून ठेवा, चर्चेला लागेल. हे लिहिताना मी उठून आमच्या दारावरचंही मोजलं. लांबीला ३४ भरलं, पण खाली लोंबणारे घुंगरू धरले तर उंची १३ होते. संध्याकाळी एक ओळ काढणार आहे.